गोळी घेतली की बरं, सोडली की परत शिंका: ॲलर्जीच्या गोळीचं नेमकं कुठं अडायलंय

सोयाबीन काढणीला आलं, मळणी यंत्रं रानात फिरायला लागली की मेडिकलच्या काउंटरवर एकच गाऱ्हाणं सुरू होतं. सकाळी डोळे उघडले की शिंका, एकामागं एक, नाकातून पाण्यासारखं गळायलंय, डोळे चोळून चोळून लाल, टाळूला आतून खाज, आणि गोळी घेतली की संध्याकाळपर्यंत बरं वाटतं पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काही दिवसांनी तोच माणूस येतो अन् म्हणतो, भाऊ ही गोळी आता लागू पडंना, जरा कडक द्या.

मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला मेडिकल चालवतो, फार्मासिस्ट आहे, आणि माझं म्हणणं असंय की कडक गोळी मागण्याआधी तीन गोष्टी बघा. त्रास नेमका कोणता आहे, तो कोणत्या वेळेला होतो, आणि तुमच्या पाकिटात औषध कोणतं आहे. या तिन्हीचा मेळ बसला तर साध्या सेट्रीझिनवर अख्खा हंगाम निघतो, आणि मेळ बसला नाही तर महागातली महाग गोळी घेऊनही नाक चोंदलेलंच राहतं.

सगळ्यात आधी हे ॲलर्जीचंच आहे का ते बघून घ्या. ॲलर्जीत ताप नसतो, अंग मोडून येत नाही, नाकातलं पाणी पातळ आणि स्वच्छ असतं, आणि खाज असते, नाकाला डोळ्याला टाळूला कानाला, ही खाज म्हणजे मोठी खूण. साधं पडसं आठ-दहा दिवसांत आपोआप आवरतं, ॲलर्जी महिनामहिना चालते आणि दरवर्षी त्याच सुमाराला येते. घट्ट पिवळा शेंबूड, गालाच्या हाडावर ठणका आणि ताप असं असंल, किंवा एकाच नाकपुडीतून सारखं पाणी नाहीतर रक्त येत असंल तर माझ्याकडं गोळी मागू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला चालू असंल तर ॲलर्जी ॲलर्जी म्हणत बसायचं नाही, सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकी तपासून घ्यायची, फुकट होते.

आता आपल्याकडचं वर्ष कसं जातं ते बघा, कारण गोळी कधी सुरू करायची हे त्याच्यावर ठरतं. पाऊस पडून गेला की धुऱ्यावर, रस्त्याच्या कडंला, मोकळ्या प्लॉटमध्ये गाजर गवत माजतं आणि ऑगस्टपासून पुढं पांढऱ्या फुलानं भरून जातं, त्याचा पराग नाकात गेला की सुरू. त्याच वेळेला बाजरी आणि रानातलं बाकीचं गवत फुलोऱ्यात असतं. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा फुफाटा, पुढं कापूस आणि जिनिंगची धूळ, थंडीत ज्वारी निसवते, मग तूर आणि हरभऱ्याची गुळी उडते, वसमत-हिंगोलीकडं हळद शिजवून वाळवून ढोलात पॉलिश करायला घेतात तेव्हा तिथं काम करणाऱ्यांच्या नाकातोंडात पिवळी धूळ जाते. आणि मार्चात माळ्यावरचा कूलर काढून न धुताच चालू केला की जुन्या गवताच्या जाळ्यांतली धूळ अन् बुरशी सरळ तोंडावर. याशिवाय बारा महिने त्रास देणारी गोष्ट म्हणजे गादीतले, वाकळीतले डोळ्याला न दिसणारे किडे, पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा ते जास्त वाढतात. ज्याला रानात काहीच होत नाही पण अंथरुणात आणि पहाटे उठल्यावरच शिंका येतात त्यानं आधी गादीकडं बघावं.

गोळी घेतली की झापड येते

हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. पाकीट उलटं करा आणि मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, पुढचं मोठं नाव सोडून द्या. क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन म्हणजे आपली एव्हिल, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सीझिन, ही जुन्या पिढीतली औषधं. ही मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, आणि घेणाऱ्याला वाटतं मी तर जागाच आहे तरी हातपाय आणि नजर मंद झालेली असते. हे मला लई महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडं हीच गोळी खाऊन माणूस मळणी यंत्रात पेंढ्या सारायला उभा राहतो, ट्रॅक्टरवर बसतो, रात्री मोटारसायकलवर गावाला निघतो. मळणी यंत्रात हात जायला क्षणही लागत नाही. मळणीच्या दिवसांत जुन्या पिढीतली गोळी मी स्वतःहून कुणालाच देत नाही, आणि देशी-विदेशी पिणाऱ्याला तर बिलकूल नाही, कारण दारूबरोबर गुंगी अजून जास्त चढते.

नव्या पिढीत सेट्रीझिन, लिव्होसेट्रीझिन, लोराटाडिन, डेसलोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, एबास्टिन, रुपाटाडिन अशी बरीच आहेत. ही मेंदूत फार कमी जातात. पण त्यातही फरक आहे. सेट्रीझिनच्या १० मिलिग्रॅमला चाचण्यांमध्ये १०० पैकी साधारण १४ जणांना झोप आली होती, औषध नसलेल्या गोळीवर हाच आकडा साधारण ६ होता. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण तुम्हाला होत असंल तर ते खोटं नाही. लोक म्हणतात मग लिव्हो द्या, त्यानं झोप येत नाही. लिव्होसेट्रीझिन हे सेट्रीझिनचाच अर्धा कामाचा भाग आहे, ५ मिलिग्रॅम त्याचं १० च्या बरोबरीला जातं, काहींना थोडा फरक पडतो पण ज्याला एकीनं झापड येते त्याला दुसरीनंही येऊ शकते. असं असंल तर सरळ फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन नाहीतर बिलास्टिन, यात झोपेचा त्रास सगळ्यात कमी. ड्रायव्हर, हार्वेस्टरवाले, परीक्षेला बसणारी पोरं यांच्यासाठी मी डॉक्टरला हेच विचारा म्हणून सांगतो. ज्याला सेट्रीझिन बरी लागू पडते पण थोडी पेंग येते त्यानं ती रात्री झोपताना घ्यावी, २४ तास काम करते, सकाळच्या शिंकाही आवरतात.

फेक्सोफेनाडिन घेतली तरी काहीच फरक नाही

मग विचारा स्वतःला, कशाबरोबर घेतली. ही गोळी संत्र्याच्या, मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर आतड्यातून अंगात बरीच कमी जाते. आमच्या जालना-संभाजीनगरकडं मोसंबीच्या बागा, गोळी घरच्या रसाबरोबर घेतली तर कामून लागू पडंल. साध्या पाण्याबरोबर घ्यायची. तसंच ॲसिडिटीचं पांढरं-गुलाबी पातळ औषध, ज्यात ॲल्युमिनियम अन् मॅग्नेशियम असतं, ते आणि ही गोळी यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिनचं अजून वेगळं, ती रिकाम्या पोटीच, जेवणाच्या एक तास आधी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, आणि फळांच्या रसाचंही तेच. भाकरी खाऊन लगेच बिलास्टिन घेणारे लई लोक बघितलेत, चिठ्ठीवर डॉक्टरनं लिहिलेलं असतं पण सांगायचं राहून जातं. सेट्रीझिनला आणि लिव्होसेट्रीझिनला जेवणाचं असं बंधन नाही, म्हणून ज्याला वेळा पाळणं जमत नाही त्याला तीच बरी.

सकाळी शिंका आल्यावर गोळी घेतो, तोवर दहाबारा रुमाल होतात

इथंच खरी गोम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पराग नाकात गेला की नाकातल्या पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात, ते जाऊन ठराविक जागांवर बसतं आणि मग खाज, शिंका, पाणी. अँटीहिस्टामिनची गोळी, म्हणजे वर सांगितलेल्या जुन्या-नव्या सगळ्या ॲलर्जीच्या गोळ्या, तीच जागा धरून ठेवते. एस.टी.त गर्दी चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. गर्दी चढून बसल्यावर रुमाल टाकून उपयोग कमी. त्यामुळं त्रास झाल्यावर घेतलेली गोळी काम करते पण उशिरा आणि अर्धवट. सेट्रीझिन तासाभरात, फेक्सोफेनाडिन एक-दोन तासांत, लोराटाडिन त्याहून थोडं उशिरा लागू व्हायला लागतं, तोवर शिंकायचं ते शिंकून झालेलं असतं.

म्हणून ज्याचा हंगाम ठरलेला आहे त्यानं डॉक्टरला विचारून हंगामाच्या सुरुवातीलाच रोज एक गोळी चालू करावी आणि हंगाम संपेपर्यंत रोज घ्यावी, एक दिवस घेतली अन् तीन दिवस सोडली असं करू नये. ज्याला आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच होतं, म्हणजे कापसाच्या गाडीवर गेला किंवा बनीम, म्हणजे काढून रचलेल्या पिकाची गंजी, मोडायला गेला तरच, त्यानं जायच्या एक-दोन तास आधी घेतली तरी भागतं. अंगाला सवय होते अन् गोळी निकामी होते हा समज लई पसरलाय, पण बहुतेक वेळा झालेलं असं असतं की मधेमधे गोळी सुटलेली असते, नाहीतर हवेत पराग वाढलेला असतो, किंवा मूळ त्रास शिंकांचा राहिलेला नसतो, नाक चोंदण्याचा झालेला असतो.

शिंका थांबल्या पण नाक चोंदलेलंच

हा प्रकार गोळीच्या हातात नाही. अँटीहिस्टामिन शिंका, खाज आणि पाणी गळणं चांगलं आवरतं पण नाकाच्या आतली सूज त्यानं फारशी उतरत नाही. त्याला नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे लागतो, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. स्टेरॉइड म्हटलं की लोक घाबरतात. पोटातून घ्यायचं स्टेरॉइड आणि नाकात मारायचा हा फवारा यात फार फरक आहे, याचं अंगात जाणारं प्रमाण अगदी थोडं असतं, आणि कायमच्या त्रासाला डॉक्टर हा स्प्रेच आधी देतात. फक्त याला धीर लागतो, आज मारला अन् आज नाक मोकळं असं होत नाही, पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे जातात. चार दिवसांत सोडून देणारे आणि बिनकामाचा आहे म्हणणारे इथंच फसतात.

मारायची पद्धतही बघा. नाक हलकं शिंकरून घ्या, मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडं न ठेवता बाहेरच्या अंगाला, कानाकडं, आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध सगळं घशात जातं. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर नाकातून रक्त येतं, मग लोक औषधाला नावं ठेवतात.

आणि कृपा करून झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन या नाक मोकळं करणाऱ्या थेंबांच्या नादी लागू नका. दोन मिनिटांत नाक उघडतं म्हणून लोक महिनोन् महिने घालतात. तीन ते पाच दिवसांच्या वर गेलं की थेंबाचा असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, हे चक्र कुणाकुणाचं वर्षानुवर्षं चालतं. असं झालं असंल तर स्प्रे सुरू करून थेंब सोडवायला डॉक्टरची मदत घ्या, सुटतं.

डोळ्याची खाज एकटीच राहिली तर ओलोपाटाडिनसारखे थेंब मिळतात, त्यासाठी अजून एक गोळी वाढवायची गरज नसते.

सर्दीच्या पाकिटांची गल्लत

किराणा दुकानात, पानटपरीवर मिळणाऱ्या सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन किंवा सेट्रीझिन असं तिन्ही एकत्र असतं. ॲलर्जीत ताप नाही मग पॅरासिटामॉल कशाला. फेनिलेफ्रिननं बीपी वाढू शकतं. आणि घरात आधीच डॉक्टरनं दिलेली लिव्होसेट्रीझिन चालू असताना वरून ही गोळी घेतली की अँटीहिस्टामिन दोनदा झालं, मग दिवसभर डुलक्या. दोन पाकिटं समोर ठेवा आणि मागची नावं ताडून बघा, वाचता येत नसंल तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या, ते त्याचं कामच आहे. जनऔषधी केंद्रात हेच औषध साध्या नावानं खूप स्वस्त मिळतं, महागड्या नावाच्या मागं लागू नका.

लहान लेकरांचं तर फार जपून. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांच्या आतल्या मुलांना द्यायचं नाही असा इशारा बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. मोठ्या भावाची बाटली धाकट्याला अर्धा चमचा, हे चालत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कुठलंही ॲलर्जीचं औषध डॉक्टरशिवाय नको.

मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेट्रीझिन अशी जोडगोळी आजकाल सर्रास लिहिली जाते आणि लोक जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर नेत राहतात. मॉन्टेलुकास्टमुळं काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, कधी आत्महत्येचे विचार असे परिणाम होऊ शकतात, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा दिला आणि नुसत्या नाकाच्या ॲलर्जीला बाकीची औषधं चालत नसतील तरच वापरा असं सांगितलं. दमा असणाऱ्याला ती उपयोगाची असू शकते, त्यानं स्वतःहून बंद करू नये. पण नुसत्या शिंकांसाठी ती चालू असंल आणि घरात पोरगं अचानक चिडकं, गप्प-गप्प झालं असंल तर आठवडा थांबू नका, लगेच डॉक्टरला सांगा.

आणि ती सुई. गावोगाव एक सुई मारली की महिनाभर सर्दी गायब असं सांगतात. त्यात बहुतेक वेळा लांब काम करणारं स्टेरॉइड असतं, तसंच डेक्सामेथासोन नाहीतर बिटामेथासोनच्या बारीक गोळ्या पुडीत बांधून देतात. गुण येतो, कुणी नाही म्हणत नाही. पण साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं, आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करायचं विसरतं, म्हणून महिनोन् महिने घेतलेल्यांनी ते एकदम सोडणंही धोक्याचं. आमच्या भागातली शुगरची माणसं अशी सुई घेऊन आली की मला खरंच वाईट वाटतं.

गाजर गवतानं अंगावर, मानेवर, पापण्यांवर जी जाडजूड खाजरी कातडी होते, उपटायला गेलेल्या बायकांना आणि सालगड्यांना हमखास होते, तिचं काम वेगळं आहे. ती संपर्कानं येणारी, उशिरा उठणारी ॲलर्जी, तिच्यात हिस्टामिनचा वाटा कमी, म्हणून गोळीनं खाज जरा दबली तर दबली, मूळ बरं होत नाही. त्याला कातडीच्या डॉक्टरचं मलम आणि गवतापासून लांब राहणं हेच. गवत काढायचं असंल तर फूल यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे अन् पूर्ण बाह्या घालून मुळासकट उपटा, ज्याला आधीच त्रास आहे त्यानं त्या कामाला जायचंच नाही. गाजर गवतावर राहणारे मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात त्याची पानं खाऊन फस्त करतात, १९८४ मध्ये ते आपल्या देशात पहिल्यांदा सोडले होते, रानात दिसले तर फवारणी करून मारू नका.

मळणीला जाताना तोंडाला नुसतं उपरणं गुंडाळण्यापेक्षा एन-९५ मास्क लावा, बारीक धूळ उपरण्यातून आरामात जाते. घरी आलं की अंथरुणावर टेकायच्या आधी डोक्यावरून अंघोळ आणि कपडे बदलणं. उकळून गार केलेल्या ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून नाक धुतलं तर बराच पराग तिथंच निघून जातो, बोअरचं पाणी तसंच्या तसं नाकात घालू नका. वाकळा, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाका.

म्हाताऱ्या माणसांना जुन्या पिढीतली गोळी देऊ नका, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडते, काचबिंदू असंल तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, रात्री उठताना तोल जाऊन पडतात. किडनीचा आजार असंल तर सेट्रीझिन आणि लिव्होसेट्रीझिनचा डोस कमी करावा लागतो, ती औषधं लघवीवाटे बाहेर पडतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना डॉक्टर बहुधा लोराटाडिन किंवा सेट्रीझिन देतात, पण ते त्यांनाच ठरवू द्या.

रात्री छातीत शिट्टी वाजत असंल, पळाल्यावर दम लागत असंल तर तो दमा असू शकतो, नाकाची ॲलर्जी आणि दमा बऱ्याचदा जोडीनं येतात, त्याला गोळी पुरत नाही, तोंडानं ओढायचा पंप लागतो. आणि गांधीलमाशी चावल्यावर, इंजेक्शननंतर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजायला लागली, श्वास अडायला लागला, चक्कर आली तर एव्हिल देऊन वाट बघत बसू नका. तिथं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, १०८ लावा किंवा मिळंल त्या गाडीनं जवळचा दवाखाना गाठा.

वर्षानुवर्षं रोज सेट्रीझिन किंवा लिव्होसेट्रीझिन घेणाऱ्यांपैकी काहींना गोळी एकदम बंद केल्यावर अंगभर भयंकर खाज सुटते, २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हेही सांगितलंय. फार कमी लोकांना होतं, पण झालं तर ती ॲलर्जी वाढली असं समजून अजून गोळ्या चढवत जाऊ नका, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा. आणि दोन हंगाम गोळी-स्प्रे नीट घेऊनही भागत नसंल तर संभाजीनगर, नांदेड, लातूरला जाऊन कातडीवरची ॲलर्जी टेस्ट करून घ्या. टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर अँटीहिस्टामिन बंद ठेवावं लागतं, सर्दीच्या पाकिटातलंसुद्धा, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते, म्हणून तारीख घेतानाच तिथं विचारून ठेवा की कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची.